कशापेक्षा सेफ?

मे महिन्यात आत्याचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालतेय ते सांगणारा रक्तातला आकडा, २.४ आलं. आधीच्या दिवाळीत १.० होतं. वय ७१, राहते बडोद्याच्या वाडी भागात, जुनं घर, जिना उभा आणि अरुंद, गुडघे कधीचेच गेलेत. रिपोर्ट हातात घेऊन पहिलं काय बोलली तर, "बघ, मी सांगत होते ना, त्या बीपीच्या गोळीनंच किडनी खाल्ली." तिला कुणीतरी फॉरवर्ड पाठवला होता की बीपीच्या गोळ्या आयुष्यभर घेतल्या की किडनी जाते, आणि तेव्हापासून ती गोळी बंद करा म्हणून डॉक्टरच्या मागे लागली होती. मी म्हटलं अजून काय काय घेतेस, तर म्हणे काही नाही. काही नाही म्हणजे काय, डबा उघडला तर दुखण्याच्या गोळीच्या तीन पट्ट्या, त्यातल्या दोन रिकाम्या. "अरे ते काय औषध थोडीच आहे, ती तर दुखण्याची गोळी."

हे वाक्य मला लागलं, कारण ते वाक्य बनवण्यात माझा पण हात आहे. मी २८ वर्षं बडोद्यात एमआर होतो, म्हणजे औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी. रावपुरा, दांडिया बाजार, कारेलीबाग, मांजलपूर, बॅग खांद्याला आणि स्कूटर, दिवसाला दहा डॉक्टर आणि पाचसहा केमिस्ट. दुखण्याच्या गोळ्या विकल्या, ॲसिडिटीच्या विकल्या, सर्दीच्या विकल्या. म्हणून हे लिहितोय, डॉक्टर म्हणून नाही. मी डॉक्टर नाही, आणि हे वाचून कुणी आपली चालू गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नये, हे आधीच सांगून ठेवतो.

आत्याचं काय झालं ते समजून घ्या कारण असे शेकडो लोक आपल्या आजूबाजूला आहेत. तिच्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन होतं आणि सोबत हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे जास्त लघवी करवणारं औषध, एकाच गोळीत दोन्ही. हे वर्षानुवर्षं चालू होतं आणि व्यवस्थित चालू होतं. मग एप्रिलमध्ये गुडघा जास्त दुखायला लागला आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी सुरू झाली, सकाळ-संध्याकाळ, तीन आठवडे. त्यात बडोद्याचा उन्हाळा, पारा ४३ ला, आणि ही बाई लघवीला उठायला लागू नये म्हणून पाणी कमी प्यायची. किडनीला रक्त आत येणारी एक नळी असते आणि बाहेर जाणारी एक. दुखण्याची गोळी आत येणारी नळी आवळते. टेल्मिसार्टन बाहेर जाणारी सैल सोडतं. आणि लघवीच्या औषधानं नि कमी पिण्यानं गच्चीवरच्या टाकीत, म्हणजे अंगात, मुळात पाणीच कमी. म्हणजे येणारा नळ अर्धा बंद, जाणारा पूर्ण उघडा, टाकी रिकामी, मग गाळणीवर प्रेशर राहणार कुठून? डॉक्टरी भाषेत या तीन औषधांच्या मेळाला ट्रिपल व्हॅमी, म्हणजे तिहेरी फटका म्हणतात, आणि दुखण्याची गोळी सुरू केल्यावरच्या पहिल्या ३० दिवसांत धोका सगळ्यात जास्त असतो असं अभ्यासात दिसलंय. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी बंद केली, लघवीचं औषध थोडे दिवस थांबवलं, पाणी वाढवलं, तीन आठवड्यांत १.३ झालं. नशीब.

आता यात दोषी कोण? डायक्लोफिनॅक वाईट औषध आहे का, तर नाही, तिशीतल्या धडधाकट माणसाला दात दुखतोय, दोन दिवस घेतलं, काही बिघडत नाही. टेल्मिसार्टन वाईट आहे का, तर उलट, डायबेटिसवाल्यांना किडनी वाचवायला तेच देतात. आणि आत्याला ज्याची भीती वाटत होती ती गोळी तिला पॅरालिसिसच्या झटक्यापासून लांब ठेवत होती, आणि जी तिला औषधच वाटत नव्हती ती किडनी बसवत होती. भीती आणि भरवसा, दोन्ही चुकीच्या डब्यात ठेवलेले.

माझं म्हणणं एवढंच आहे की "ही गोळी सेफ आहे का" हा प्रश्नच अर्धवट आहे. कशापेक्षा सेफ? कुणासाठी, किती दिवस, कशाच्या सोबत? आणि हा अर्धवट प्रश्न आपण अडाणी आहोत म्हणून विचारत नाही, आपल्याला तसाच शिकवला गेलाय. शिकवणारे आम्ही.

२००० च्या आसपासची गोष्ट सांगतो. तेव्हा दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात अल्सर होतो, रक्त पडतं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि मार्केटला आली दुखण्याची नवी गोळी, रोफेकॉक्सिब. आमच्या कंपनीचाही ब्रँड होता, डझनभर कंपन्यांचे होते. व्हिज्युअल एडवर, म्हणजे डॉक्टरला दाखवायच्या चित्रांच्या फाइलवर, पोटाचं गुलाबी चित्र, आणि आम्ही घडाघडा बोलायचो, डॉक्टरसाहेब, स्टमक फ्रेंडली आहे, सेफर आहे. खोटं नव्हतं ते! परदेशातल्या मोठ्या ट्रायलमध्ये आठ हजारांवर पेशंट होते, अर्ध्यांना रोफेकॉक्सिब, अर्ध्यांना नॅप्रोक्सेन ही दुखण्याची जुनी गोळी, आणि पोटाच्या मोठ्या तक्रारी खरंच निम्म्यावर आल्या होत्या. पण त्याच ट्रायलमध्ये हार्ट अटॅक रोफेकॉक्सिबच्या बाजूला चारपट निघाले. त्यावर मूळ कंपनीचं उत्तर काय, तर आमचं औषध हार्टला वाईट नाही हो, ते दुसरं नॅप्रोक्सेनच हार्टला इतकं चांगलं आहे की आमचं त्याच्यासमोर वाईट दिसतंय. म्हणजे कशापेक्षा या एका शब्दावर चार वर्षं काढली. मग दुसऱ्या एका ट्रायलमध्ये तुलना आत औषधच नसलेल्या साध्या खोट्या गोळीशी झाली, आणि तिथे लपायला जागाच नव्हती, दीड वर्षानंतर हार्टचा धोका स्पष्ट दिसायला लागला. ३० सप्टेंबर २००४ ला औषध जगभरातून मागे घेतलं, भारतात डिसेंबर २००४ मध्ये बंदी आली. आम्हाला मीटिंगमध्ये सांगितलं, सॅम्पल परत करा, आता हा दुसरा ब्रँड घ्या, हा पोटाला सेफ आहे. तो दुसरा ब्रँड निमेसुलाइडचा होता. लहान मुलांच्या तापासाठी त्याचं गोड सिरप निघायचं, ताप झटकन उतरायचा आणि आया खूश असायच्या. ते लिव्हरला वाईट म्हणून २०११ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडे बंदी आली, आणि अमेरिकेत तर ते औषध कधी मंजूरच झालं नव्हतं.

म्हणून कुणी मला सेफर अल्टरनेटिव्ह असं म्हटलं की माझे कान उभे राहतात. पर्याय हा पण औषधच असतो, त्याचा हिशोब फक्त अजून मांडलेला नसतो.

उलट बाजू पण बघा, भीती. २०२३ च्या नोव्हेंबरच्या शेवटी सरकारच्या फार्माकोव्हिजिलन्सवाल्यांनी, म्हणजे औषधांच्या त्रासावर लक्ष ठेवणाऱ्यांनी, मेफेनॅमिक ॲसिडबद्दल अलर्ट काढला, की त्याने ड्रेस सिंड्रोम नावाची गंभीर ॲलर्जी होऊ शकते, लक्ष ठेवा. पाळीच्या दुखण्यासाठी अर्धा देश ती गोळी घेतो. थोड्याच दिवसांत टीव्हीवर आणि फोनवर एकच गदारोळ, माझ्या पुतणीनं पर्समधली पट्टी फेकून दिली. ती ॲलर्जी फार क्वचित होते, आणि अलर्टचा अर्थ फेकून द्या असा नव्हताच, अंगावर पुरळ आणि ताप आला तर ताबडतोब डॉक्टरकडे जा असा होता. पण तीच पुतणी उपाशीपोटी तीन तीन घ्यायची, आणि पोटाचं वाटोळं होण्याची शक्यता त्या ॲलर्जीपेक्षा कितीतरी जास्त होती, त्याची भीती कुणालाच नव्हती, कारण त्याची ब्रेकिंग न्यूज होत नाही.

आणि पॅरासिटामॉल. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर सांगून टाकलं की प्रेग्नंट बायकांनी ते घेऊ नये, ऑटिझम होतो. आमच्या सोसायटीत एक मुलगी पाचव्या महिन्यात होती, ताप १०२, आणि घरचे गोळी देईनात. आता इथे विचारा ना, कशापेक्षा? स्वीडनमध्ये जवळपास २५ लाख मुलांच्या नोंदी तपासून २०२४ मध्ये अभ्यास आला, त्यात सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर तो संबंध उरलाच नाही. दुसरीकडे प्रेग्नन्सीत अंगात ताप राहू देणं हे स्वतःच चांगलं नाही, आणि पॅरासिटामॉल नको म्हणून आयबुप्रोफेन दिलं तर २० आठवड्यांनंतर बाळाच्या किडनीला त्रास होऊ शकतो, त्याची सूचना अमेरिकेच्याच एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, २०२० मध्ये दिलीये. म्हणजे धोका टाळला असं वाटलं आणि मोठा धोका घरात घेतला.

याचा अर्थ पॅरासिटामॉल पेढ्यासारखं खावं असा नाही. मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही वरची हद्द, वजन कमी असेल, वय जास्त असेल, दारू असेल तर त्याहून कमी. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये लिव्हर अचानक फेल होण्याचं ते सगळ्यात मोठं कारण आहे. लोक एकदम मूठभर खातातच असं नाही, हिशोब चुकतो. तापाची ६५० ची गोळी, वर सर्दीची गोळी ज्यात ५०० आहे, वर अंग दुखतंय म्हणून जी घेतली त्यात अजून ३२५, तिघांची नावं वेगळी, रंग वेगळे, आतलं औषध एकच. आणि दारूवरून आठवलं, ही आपल्या गुजरातची स्पेशल गंमत आहे, इथे १९६० पासून दारूबंदी आहे म्हणजे इथे कुणी पीतच नाही, मग डॉक्टर विचारणार कसा आणि पेशंट सांगणार कसा? बायको शेजारी बसलेली असते. मी कितीतरी क्लिनिकमध्ये बसून पाहिलंय, "काही व्यसन?" "नाही साहेब", आणि केस पेपरवर शून्य लिहिलं जातं. लिव्हरला परमिट-बिरमिट कळत नाही.

बरं मग गुडघ्याचं करायचं काय? दुखणं सहन करा असं मी म्हणणार नाही, न हलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं काय होतं ते बघितलंय मी. पण इथे खरंच बरे पर्याय आहेत आणि गंमत म्हणजे ते कुणी विकत नाही. डायक्लोफिनॅकचंच जेल घ्या. चामडीवर लावलं तर गोळीच्या मानाने साधारण ६ टक्केच औषध रक्तात जातं, गुडघ्यासारख्या वरवरच्या सांध्याला पुरतं, ब्रिटनची गाइडलाइन गुडघ्याच्या झिजेला आधी हेच लावा म्हणते, गोळी नंतर. मांडीचा स्नायू मजबूत करायचा व्यायाम, खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, धरून ठेवायचा, खाली घ्यायचा, फुकट आहे. वजन पाच किलो उतरलं तर फरक पडतो. पण मी २८ वर्षांत एकाही डॉक्टरकडे जाऊन "साहेब, या महिन्यात खुर्चीतला व्यायाम लिहा" असं सांगितलेलं नाही, कारण त्याचं टार्गेट नसतं. आणि गोळी घ्यायचीच झाली तर त्याचा पण हिशोब मांडलेला आहे, हजार माणसांनी वर्षभर डायक्लोफिनॅक मोठ्या डोसमध्ये घेतलं तर साधारण तिघांना जास्तीचा हार्ट अटॅक किंवा झटका येतो आणि त्यातला एक जातो. हजारात तीन. आता हा आकडा मोठा की छोटा? नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळून पाय सुजलेल्या पोरासाठी नगण्य, दोन दिवसांचाच तर प्रश्न. आधीच एक स्टेंट घातलेल्या माणसासाठी अजिबात नगण्य नाही. आकडा तोच आणि माणूस बदलला की उत्तर बदलतं, आणि काउंटरवर कुणीच विचारत नाही की माणूस कोणता.

काही औषधांचा तर हिशोब मांडायची पण गरज नाही, कारण फायद्याच्या बाजूला शून्य आहे. सर्दीच्या जवळजवळ प्रत्येक गोळीत फेनिलेफ्रिन असतं, नाक मोकळं व्हावं म्हणून. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या सल्लागार समितीने १६ विरुद्ध ० मतांनी सांगितलं की तोंडाने घेतलेलं फेनिलेफ्रिन नाक मोकळं करतच नाही. सोळा-शून्य, क्रिकेटमध्ये पण असं होत नाही. दुखण्याच्या गोळीत एसपी म्हणून जे असतं, सेराशिओपेप्टिडेज, सूज उतरवणारं एन्झाइम, जपानमध्ये ते ज्या कंपनीचं होतं तिनेच २०११ मध्ये खोट्या गोळीपेक्षा फरक दिसत नाही म्हणून स्वतःहून मागे घेतलं, आपल्याकडे अजून जोरात चालू आहे. मी ते विकलंय. डॉक्टर म्हणायचे पेशंटला बरं वाटतं. वाटणारच, सूज पाच दिवसांत उतरतेच!

हे एका गोळीत तीन-चार औषधं कोंबायचं प्रकरण तर आपली राष्ट्रीय आवड आहे. सरकारनं नेमलेल्या कोकाटे समितीच्या रिपोर्टवरून मार्च २०१६ मध्ये ३४४ कॉम्बिनेशन बंद केली, कंपन्या कोर्टात गेल्या, दिल्ली हायकोर्टानं बंदी उडवली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, मग पुन्हा समिती, मग सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ बंद, ऑगस्ट २०२४ मध्ये अजून १५६. एका हातानं पुसायचं आणि दुसऱ्या हातानं लिहायचं. कॉम्बिनेशनचा खरा तोटा हा की त्रास झाला तर कशामुळे झाला ते कळत नाही, आणि डोस कमी करायचा तर एकाचा करता येत नाही. कंपनीचा फायदा म्हणजे किंमत जास्त लावता येते. आपल्याच बडोद्यात १९८३ पासून लोकॉस्ट नावाची संस्था साधी, गरजेची औषधं जेनेरिक नावाने स्वस्तात बनवते, ते लोक तेव्हापासून हेच ओरडतायत. आम्ही एमआर लोक तेव्हा त्यांना हसायचो, म्हणायचो हे झोळीवाले काय औषध विकणार. हसणं चुकीचं होतं.

मुलांच्या खोकल्याचं बोलायला तर जीव होत नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाड्यात वीसहून जास्त लहान मुलं गेली, किडनी फेल होऊन, सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, तपासणीत ४८.६ टक्के, जिथे हद्द ०.१ टक्का असते. लोकांनी विचारलं मग कोणतं सिरप सेफ आहे, कोणता ब्रँड द्यायचा. ते विष मिसळलेलं होतं, त्याचा गुन्हा वेगळा, पण मुळात विचारा की त्या मुलांना सिरपची गरज होती का. केंद्र सरकारनेच त्या ऑक्टोबरमध्ये सांगितलं की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नका आणि पाच वर्षांखाली सहसा टाळा. साधा सर्दीचा खोकला एक-दोन आठवड्यांत आपोआप जातो, वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध दिला तर रात्री बरं झोपतं, एवढाच काय तो उपाय, आणि हो, वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, त्यानं बॉट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. म्हणजे बघा, मधालासुद्धा कुणासाठी हा प्रश्न लागू आहे. इथे सेफर अल्टरनेटिव्ह म्हणजे दुसरं सिरप नाहीच, काहीच न देणं हे आहे. पण काहीच न देणारा डॉक्टर आपल्याला चालत नाही ना. "तीनशे रुपये घेतले आणि लिहिलं काहीच नाही" असं म्हणत लोक बाहेर पडतात आणि सरळ समोरच्या मेडिकलमध्ये शिरतात. धाप लागली, छाती आत ओढली जातेय, दूध पीत नाही, तर गोष्ट वेगळी, तेव्हा पळा.

आता आमच्या मंडळातले एक काका हे वाचून नक्की म्हणतील की म्हणूनच मी आयुर्वेदिक घेतो, साइड इफेक्ट नाही. काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण ज्याला इफेक्ट आहे त्याला साइड इफेक्ट असणारच, झाडाला काय माहीत की आपण नैसर्गिक आहोत. २००४ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास आला, बोस्टनच्या दुकानांतून ७० आयुर्वेदिक औषधं आणून तपासली तर १४ मध्ये शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक निघालं. कोरोनाच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हरला सूज आलेले सहा पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले, आयुष मंत्रालयानं म्हटलं ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल, आणि मला तर ते उत्तर जास्त भीतीदायक वाटतं, कारण डब्यात कोणती वेल आहे ते मी घरी कसं ओळखणार? आणि सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या, ज्यांनी तिसऱ्या दिवशी जादूसारखा फरक पडतो, त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याचे प्रकार नवे नाहीत. पण म्हणून सगळंच टाकाऊ नाही. आपल्या गुजरातचा इसबगोल घ्या, ऊंझा-सिद्धपूरचा, जगभर जातो, बद्धकोष्ठाला रोज जुलाबाच्या गोळ्या घेण्यापेक्षा बरा, त्याचे अभ्यास झालेत, फक्त भरपूर पाण्यासोबत घ्यायचा आणि बाकीच्या गोळ्यांपासून थोडं अंतर ठेवायचं. तो चांगला आहे तो देशी आहे म्हणून नाही, तपासलाय म्हणून.

या देशात कशापेक्षा हा प्रश्न सरकारनं एकदा नीट विचारलाय, पण माणसांसाठी नाही, गिधाडांसाठी. गुराढोरांना डायक्लोफिनॅक द्यायचे, जनावर मेलं की गिधाडं खायची, आणि त्यांच्या किडन्या फेल व्हायच्या, काही जातींची ९५ टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली. मग काय केलं, नुसती बंदी नाही घातली, कारण पांजरापोळातली म्हातारी गाय पण दुखण्यानं विव्हळतेच. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं हे आधी तपासलं, गाईला दुसरं औषध आहे हे दाखवलं, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बंद केलं. लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचायला लागले, तर २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलीलीटरवर आणली. इतका बारकाईनं विचार! आत्याला गिधाडाइतकी किंमत दिली असती तरी क्रिएटिनिन वाढलं नसतं असं मी चेष्टेत म्हणतो, पण पूर्ण चेष्टा नाही.

कारण कायदा आहे. डायक्लोफिनॅक शेड्यूल एच मध्ये आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही पण जाणता आणि मी पण. पट्टी कात्रीनं कापून चार गोळ्या हातात देतात, औषधाचं नाव राहतं दुकानातल्या तुकड्यावर. पॅरासिटामॉलच्या पट्टीवर लिव्हरची सूचना असते, इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात. ऑगस्ट २०२३ पासून मोठ्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड आला, स्कॅन केला तर कंपनीचा पत्ता, बॅच, लायसन्स नंबर सगळं येतं, बीपीवाल्यानं विचारल्याशिवाय घेऊ नये एवढी एक ओळ येत नाही. त्रास झाला तर कळवायला १८००-१८०-३०२४ हा फुकटचा नंबर आहे, फॉर्म मराठीत आणि गुजरातीत पण आहे, तुमच्या ओळखीत कुणी कधी भरलाय?

मी चिठ्ठीची सक्ती कडक करा म्हणून आरडाओरडा करणाऱ्यांपैकी नाही. इथे बडोद्यात मांडवीत हातगाडी लावणाऱ्या माणसाला पाठ दुखली तर तो दिवसाची कमाई सोडून, तीनशे फी देऊन रांगेत बसणार नाही, मेडिकलवाला हाच त्याचा डॉक्टर आहे आणि राहणार. त्याला चिठ्ठी आण म्हटलं तर तो दुखणं घेऊन फिरेल नाहीतर पुडीवाल्याकडे जाईल. म्हणून मला काउंटरवर तीन प्रश्न हवेत, सक्तीचे. बीपी, हार्ट, किडनीचं काही आहे का. अजून कोणत्या गोळ्या चालू आहेत. किती दिवसांपासून घेताय. आणि कापलेल्या पट्टीसोबत आपल्या भाषेत एक छापील चिट्ठी, गोळीचं नाव, किती दिवसांच्या वर घेऊ नका. अर्ध्या मिनिटाचं काम. त्यासाठी काउंटरवर खरा फार्मासिस्ट उभा लागेल, भिंतीवरच्या फ्रेममधलं नुसतं सर्टिफिकेट नाही.

रावपुऱ्यात माझा जुना ओळखीचा केमिस्ट आहे, मी फिल्डवर असताना महिनाअखेरीला टार्गेट कमी पडलं की तोच माल उचलायचा. गेल्या आठवड्यात आत्यासाठी जेलची ट्यूब घ्यायला गेलो होतो तेव्हा त्याला हे सगळं सांगितलं. तो गिऱ्हाइकाला पट्टी कापून देता देता हसला. "काका, हुं पूछवा बेसुं तो ए बाजुवाळाने त्यां जतो रहेशे." म्हणजे, मी विचारत बसलो तर तो बाजूवाल्याकडे निघून जाईल. खरं आहे, एकट्यानं विचारून भागणार नाही, बाजूवाल्यालाही तोच नियम हवा, म्हणून तर सक्ती म्हणतोय मी. तेवढ्यात त्यानं ट्यूब पिशवीत टाकली आणि म्हणाला, "अने तमे दस उपर त्रणनी स्कीम लईने आवता, त्यारे तो आवुं कंई कहेता नहोता." म्हणजे, तुम्ही दहावर तीन फुकटची स्कीम घेऊन यायचात, तेव्हा तर असं काही सांगत नव्हतात.

नव्हतो सांगत. मी पैसे दिले, आणि ट्यूबसोबत त्याच्याकडून एक कोरा कागद मागून घेतला, आत्याच्या गोळ्यांची नावं लिहून तिच्या डब्याच्या झाकणाला चिकटवायला.